देव, दशमांश आणि गायरान

लंडनच्या सेंट पॉल्स चर्चच्या आवारात जॉर्ज थॉमसन नावाच्या माणसाचं पुस्तकांचं दुकान होतं. 1640 च्या अखेरीस त्याने एक नाद लावून घेतला. शहरात छापलेलं जे काही हाती लागेल ते विकत घ्यायचं आणि त्यावर तारीख घालून ठेवून द्यायचं. मग ते संसदेतलं भाषण असो, बातमीपत्र असो, की कुणा शिंप्याला झालेल्या साक्षात्काराची हकिकत असो. 1661 मध्ये तो थांबला तेव्हा त्याच्याकडे 22,000 च्या आसपास चोपडी, पत्रकं आणि बातमीपत्रं जमली होती. गेल्या शतकात अभ्यासकांनी हे गठ्ठे नीट वाचायला घेतले, तेव्हा इंग्लंडच्या इतिहासात पूर्वी न दिसलेली माणसं दिसू लागली. हे पुस्तक त्या माणसांविषयी आहे.

थॉमसनला एवढं खाद्य मिळालं ते राजसत्ता लटपटल्यामुळे. पहिल्या चार्ल्सने अकरा वर्षं संसद न बोलावता कारभार केला होता. स्कॉटलंडशी लढायला पैसा हवा म्हणून 1640 मध्ये त्याला ती बोलवावी लागली, आणि तिने राजाच्या हातातलं एकेक शस्त्र काढून घेतलं. 1641 मध्ये स्टार चेंबर हे न्यायालय बरखास्त झालं. छापखान्यांवर जरब होती ती याच न्यायालयाची आणि बिशपांची. दोन्ही गेल्यावर काय छापावं हे विचारायला कुणी उरलं नाही. पुढच्या वर्षी राजा आणि संसद यांच्यात युद्ध सुरू झालं. चांभार, कोष्टी, शिपाई आणि घरकाम करणाऱ्या बायका उभ्या राहून प्रवचन देऊ लागल्या, आणि ते प्रवचन आठवड्याभरात छापून विकायला येऊ लागलं. टॉमस एडवर्ड्स नावाच्या पाद्र्याला याचा इतका संताप आला की 1646 मध्ये त्याने या सगळ्या पाखंडांची जंत्रीच तीन भागांत छापली आणि तिला ‘गँग्रीना’, म्हणजे सडणारी जखम, असं नाव दिलं. आज त्या पंथांबद्दलची बरीच माहिती आपल्याला एडवर्ड्सच्या शिव्यांतून मिळते. लेव्हलर, रँटर, क्वेकर ही नावंही विरोधकांनीच चिकटवलेली आहेत.

मराठी वाचकाला या विषयात शिरताना एक अडचण येते. आपल्याकडे इंग्लंडचा इतिहास दोन वाटांनी आला. एक मेकॉलेची: संसद, कायदा, हळूहळू वाढत गेलेलं स्वातंत्र्य. दुसरी मार्क्सवाद्यांची: सरंजामशाहीचा ऱ्हास आणि मध्यमवर्गाचा उदय. पहिल्या वाटेवर हे पंथ म्हणजे किरकोळ वेडाचार. दुसऱ्या वाटेवर ते समाजवादाचे पूर्वज, ज्यांना बिचाऱ्यांना धर्माची भाषा वापरावी लागली कारण दुसरी भाषा तेव्हा नव्हती. दोन्ही वाचनांत त्यांचा देव ओलांडून पुढे जायची घाई आहे. मला वाटतं, तो ओलांडला की हाती काहीच लागत नाही. देव प्रत्येक माणसाच्या आत बोलतो, त्याला पदवीधर पाद्र्याची मध्यस्थी लागत नाही, हाच मुळात त्यांचा राजकीय विचार होता. समता, मताधिकार, जमीन हे सगळं त्यातून निघालं. आणि राज्यकर्त्यांनी त्यांच्यापैकी कुणाला किती सोसून घेतलं हे ठरलं, ते त्यांचं देवाविषयीचं मत किती विचित्र आहे यावर कमी, आणि ते मत जमिनीच्या किंवा धान्याच्या कोठाराच्या किती जवळ येतं यावर जास्त. याला एक मोठा अपवाद आहे. त्याच्याकडे पुढे येतोच.

जमीन आणि धर्म त्या काळात किती गुंतलेले होते हे समजायला दशमांश पुरेसा आहे. शेतात पिकलेल्याचा, गोठ्यात जन्मलेल्याचा दहावा हिस्सा गावच्या पाद्र्याचा. कायद्याने तो द्यायचाच, मग त्याचं प्रवचन तुम्हाला पटो न पटो. पण आठव्या हेन्रीने मठ मोडून त्यांची मालमत्ता विकली, तेव्हा कितीतरी गावांच्या दशमांशाचा हक्क जमीनदारांच्या हाती आला. तो वारसाने मिळे, विकता येई. तेव्हा ‘दशमांश बंद करा’ असं एखादा कोष्टी म्हणाला की त्याचं बोलणं धर्मात सुरू होऊन थेट जमीनदाराच्या उत्पन्नावर जाऊन थांबे.

लेव्हलर या गटापासून सुरुवात करणं सोयीचं, कारण त्यांची भाषा आपल्याला सगळ्यात ओळखीची वाटते. जॉन लिलबर्न हा त्यांचा सर्वांत गाजलेला माणूस. 1638 मध्ये, विशीतच, बंदी असलेली पुस्तकं हॉलंडहून आणल्याच्या आरोपावरून त्याला लंडनच्या रस्त्यांतून फटके मारत नेलं आणि खोड्यात अडकवलं. तिथूनही त्याने गर्दीत पत्रकं फेकली आणि तोंडात बोळा कोंबेपर्यंत तो बोलत राहिला. पुढे तो संसदेच्या बाजूने लढला, आणि मग तीच संसद त्याला पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकू लागली. कुठल्याही सत्तेशी याचं पटलं नसतं, असं त्याचे मित्रही म्हणत असावेत. रिचर्ड ओव्हर्टन बोचरं लिहिणारा, विल्यम वॉल्विन शांत आणि बहुश्रुत. या तिघांच्या मागण्या वाचल्या तर त्या कालच्या वाटतात: ठरावीक मुदतीने निवडलेली संसद, धर्माच्या बाबतीत सक्ती नाही, सक्तीची सैन्यभरती नाही, कर्जासाठी कैद नाही, दशमांश नाही, आणि कायदा सामान्य माणसाला समजेल अशा इंग्रजीत.

1647 च्या ऑक्टोबरात हे विचार सैन्यात पोहोचले होते. युद्ध जिंकलं होतं, राजा कैदेत होता, पगार थकले होते. थेम्सकाठच्या पटनी गावच्या चर्चमध्ये सेनापती आणि शिपायांचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसले आणि देश कसा चालावा यावर वाद घालू लागले. असं यापूर्वी कुठल्या सैन्यात घडलं असेल तर मला माहीत नाही. परगण्यांत मत देण्याचा अधिकार तेव्हा वर्षाला 40 शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असलेल्यालाच होता, आणि हा नियम 1430 पासूनचा. कर्नल रेन्सबरोने प्रश्न टाकला, की ज्या सरकारच्या हुकमाखाली माणसाला जगायचं आहे त्या सरकारला त्याने संमतीच दिली नसेल, तर तो ते हुकूम का पाळेल? ती संमती गरिबातल्या गरिबालाही मागायला हवी. संसदेच्या सैन्यातला बलाढ्य सेनानी क्रॉमवेल याचा जावई आयर्टन याने दिलेलं उत्तर मला त्या सबंध चर्चेतलं सर्वांत प्रामाणिक बोलणं वाटतं. तो म्हणाला, की जन्माला आलो म्हणून मत असा हक्क मान्य केला, तर त्याच न्यायाने उद्या कुणीही म्हणेल, जन्माला आलो म्हणून अन्न आणि जमीनही माझी. मग मालमत्ता कुठे राहिली? लेव्हलरांनी घाईघाईने सांगितलं, की चोरी करू नकोस अशी देवाचीच आज्ञा आहे, मालमत्तेला आमचा हात लागणार नाही. इतकंच नाही, तर मालकाच्या घरी राबणारे नोकर आणि भिक्षेवर जगणारे यांना मताधिकारातून वगळायला त्यांच्यातले काही जण त्याच चर्चेत तयार झाले. बायकांचा विषय तर निघालाच नाही.

आयर्टनने बोट ठेवलेली जागा पुढच्या सगळ्या कथेत पुन्हा पुन्हा येते, म्हणून इथे थोडा थांबलो. या चर्चेची टिपणं सैन्याचा चिटणीस विल्यम क्लार्क याने लघुलिपीत घेतली होती. ती ऑक्सफर्डच्या वुस्टर कॉलेजच्या ग्रंथालयात पडून राहिली आणि 1891 मध्ये सी. एच. फर्थ यांनी छापली. म्हणजे मेकॉलेने आपला इतिहास लिहिला तेव्हा पटनीत काय बोललं गेलं हे त्याला ठाऊक असण्याचा संभवच नव्हता.

30 जानेवारी 1649 ला राजाचा शिरच्छेद झाला आणि पुढच्या चारच महिन्यांत लेव्हलर संपले. त्यांचे पुढारी लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कोंडले गेले. त्यांच्या सुटकेचा अर्ज घेऊन शेकडो बायका संसदेच्या दारात गेल्या, तर त्यांना घरी जाऊन भांडी घासायला सांगण्यात आलं. त्या परत गेल्या, आणि नवा अर्ज घेऊन आल्या. त्यात त्यांनी विचारलं होतं, की देवाने आपल्या प्रतिमेत आम्हालाही घडवलं आहे ना? मे महिन्यात ऑक्सफर्डशायरमधल्या बरफर्ड गावी क्रॉमवेलने बंडखोर पलटणींवर रात्री छापा घातला, शेकडो शिपायांना चर्चमध्ये कोंडलं आणि 17 मे रोजी तिघांना आवारातल्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. कोंडलेल्यांपैकी अँथनी सेडली याने बाप्तिस्म्याच्या कुंडावर आपलं नाव आणि साल कोरलं. ते अजून वाचता येतं.

आता 1649 च्याच एप्रिलकडे वळू. तीन-चार वर्षं पिकं बुडाली होती, धान्याचे भाव कधी नव्हते इतके चढले होते. 1 एप्रिलला सरे परगण्यातल्या सेंट जॉर्जेस हिल या माळावर मूठभर माणसं कुदळी-फावडी घेऊन गेली आणि गायरान खणू लागली. त्यांनी गाजरं, पार्सनिप आणि घेवडा लावला. लोकांनी त्यांना डिगर, म्हणजे खणणारे, म्हटलं. त्यांचा म्होरक्या जेरार्ड विन्स्टनली हा मूळचा विगनचा, लंडनला कापडाचा व्यापारी. युद्धात त्याचं दिवाळं निघालं आणि तो कॉबमला दुसऱ्यांची गुरं सांभाळून पोट भरत होता. खणायला सुरुवात होण्याआधी काही आठवडे त्याने एक पुस्तिका छापली होती. काम एकत्र करा, भाकरी एकत्र खा, असा आदेश आपल्याला ध्यानावस्थेत ऐकू आला असं त्यात त्याने लिहिलं आहे.

विन्स्टनलीचा युक्तिवाद मोठा रोखठोक आहे. पृथ्वी सुरुवातीला सगळ्यांची होती. 1066 मध्ये नॉर्मन विल्यमने तलवारीने देश जिंकला आणि आपल्या सरदारांना वाटला. आजचे जमीनदार त्या सरदारांचे वारस, आजचा कायदा त्या तलवारीची लेखी नोंद. राजा त्या विल्यमचा शेवटचा वारस होता. त्याला उलथून टाकायला गरिबांनी कर भरले, शिपायांना घरात ठेवून जेवू घातलं, आपली पोरं दिली. मग राजाचं डोकं गेल्यावर जमीन का परत मिळू नये? निदान पडीक गायरान तरी? कुणाची वहिवाटीची शेतं घ्यायला आपण आलेलो नाही, हे तो परोपरीने सांगतो.

सरकारने चौकशीला एक कप्तान पाठवला. त्याने कळवलं, की हे प्रकरण दखल घेण्याजोगं नाही. विन्स्टनली आणि त्याचा सोबती एव्हरार्ड सेनापती फेअरफॅक्सला व्हाइटहॉलमध्ये भेटले. तोही तुमच्या-आमच्यासारखाच माणूस, असं म्हणून त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या नाहीत. फेअरफॅक्सने मनावर घेतलं नाही. ज्यांनी मनावर घेतलं ते आसपासचे जमीनदार आणि त्यांचे कुळवाडी, ज्यांची गुरं त्या माळावर चरत होती. जूनमध्ये बायकांचे कपडे घातलेल्या पुरुषांच्या टोळीने चार डिगरांना बेदम मारलं. पिकं तुडवली गेली, अवजारं मोडली. किंग्स्टनच्या न्यायालयात अतिक्रमणाचा दावा लागला. वकील केल्याशिवाय बोलता येणार नाही म्हणून त्यांना सांगितलं गेलं, आणि वकील करणं हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दंड झाला, गुरं ओढून नेली. ऑगस्टमध्ये ते जवळच्या लिटल हीथला गेले, झोपड्या बांधल्या, हिवाळाभर तग धरून धान्य पेरलं. एप्रिल 1650 मध्ये जॉन प्लॅट आपली माणसं घेऊन आला आणि त्याने ती घरं जाळली. हा प्लॅट त्या भागातला जमीनदार होता आणि पाद्रीही होता. राजाला मारणाऱ्या सरकारला जे करायची गरज वाटली नाही ते गावानेच उरकलं.

विन्स्टनलीवर मार्क्सवाद्यांचं फार प्रेम. बर्नस्टाइनने 1895 मध्ये त्याला शोधून काढला, आणि रशियन क्रांतीनंतर मॉस्कोतल्या एका स्तंभावर मार्क्स-एंगेल्सच्या पंक्तीत त्याचंही नाव कोरलं गेलं. ‘देव’ या शब्दाऐवजी ‘विवेक’ हा शब्द वापरायला त्याला आवडे, त्यामुळे त्याला नास्तिक ठरवणंही सोपं गेलं. पण त्याचा विवेक सृष्टी घडवणारा आहे आणि माणसात पुन्हा उठणारा ख्रिस्त आहे. 1652 मध्ये त्याने क्रॉमवेलला अर्पण करून आदर्श राज्याची घटना लिहिली. दरवर्षी निवडणुका, पैशाविना व्यवहार, मुलामुलींना शिक्षण हे सगळं तीत आहे. जमीन विकणाऱ्याला आणि पैसे घेऊन प्रवचन करणाऱ्याला मृत्युदंडही आहे, आणि आळशाला चाबूक. माळावर मार खाऊनही हात न उगारणारा माणूस तीन वर्षांत इथे येतो, हे त्याच्या चाहत्यांनी सहसा सांगितलेलं नाही. उतारवयात तो आपल्या भागातला प्रतिष्ठित गृहस्थ झाला, चर्चचा व्यवस्थापक आणि कॉन्स्टेबल. सेंट जॉर्जेस हिलवर आता पहारेकरी असलेली, श्रीमंतांची खासगी वसाहत आहे. तिथे गोल्फ खेळतात.

रँटरांविषयी थोडक्यात. ज्याला देव आतून भेटला त्याला पापच उरत नाही, असं मानणारे हे लोक. अबिझर कॉप हा त्यांतला तेजस्वी लेखक. लंडनच्या रस्त्यात श्रीमंतांच्या गाड्यांवर तो दात-ओठ खात धावून जाई. 1650 च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यांच्याविरुद्ध खास कायदा केला. पण असा संघटित पंथ होता का? जे. सी. डेव्हिस यांनी 1986 मध्ये साधार म्हटलं, की तो बहुतांशी वृत्तपत्रांनी आणि भेदरलेल्या पाद्र्यांनी उभा केलेला बागुलबुवा होता. त्यावरून इतिहासकारांत बरीच हमरीतुमरी झाली. माझा कल डेव्हिस यांच्याकडे आहे, तरी कॉपचं लिखाण खरंच आहे आणि ते वाचताना अंगावर काटा येतो.

याच मोसमात लॉडविक मगलटन आणि जॉन रीव्ह या दोघा शिंप्यांनी जाहीर केलं, की बायबलातल्या प्रकटीकरणात सांगितलेले शेवटचे दोन साक्षीदार आपणच. देवाची उंची माणसाएवढी आहे असं त्यांचं मत. कुणाला आपल्यात ओढायचं नाही, फक्त विरोध करणाऱ्याला शाप द्यायचा, अशी रीत. असल्या पंथाने दहा वर्षंसुद्धा टिकू नये. तो 1979 पर्यंत टिकला. केंटमधला शेवटचा मगलटनी शेतकरी त्या वर्षी वारला, आणि त्याने सफरचंदांच्या खोक्यांत जपून ठेवलेले पंथाचे कागद इतिहासकार ई. पी. थॉम्सन यांच्या प्रयत्नाने सुरक्षित जागी पोहोचले. कुणाच्याही कोठाराकडे न पाहणाऱ्या पंथाला संपवायची कुणाला गरज वाटली नाही, एवढंच त्यांच्या दीर्घायुष्याचं कारण मला सुचतं.

क्वेकरांचं तसं नाही. कोष्ट्याचा मुलगा जॉर्ज फॉक्स 1652 मध्ये उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात प्रवचनं देत फिरू लागला, आणि 1660 पर्यंत त्याच्या मागे तीस हजारांहून अधिक माणसं होती असा अंदाज आहे. प्रत्येकात एक अंतर्ज्योत आहे हे त्यांचं एकमेव तत्त्व. त्यातून बाकी सगळं ओघाने आलं. न्यायाधीशासमोर टोपी काढायची नाही, जमीनदारालाही एकेरीत हाक मारायची, शपथ घ्यायची नाही, दशमांश द्यायचा नाही. बायका बोलणार, प्रवास करणार. मेरी फिशर ही मोलकरीण तर तुर्कस्तानच्या सुलतानाला भेटून आली. सभेच्या मध्यावर उठून पाद्र्याला जाब विचारणारे हे आरंभीचे क्वेकर आजच्या मवाळ, मौन बाळगणाऱ्या क्वेकरांचे पूर्वज आहेत यावर विश्वास बसणं कठीण जातं.

1656 च्या ऑक्टोबरात जेम्स नेलर हा त्यांचा पुढारी पावसात घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरात शिरला. बरोबरच्या माणसांनी लगाम धरला होता आणि ती होसान्ना गात होती. येशूच्या जेरुसलेम-प्रवेशाची ही नक्कल त्याच्या मते एक खूण होती, प्रत्येकातल्या ख्रिस्ताची. संसदेने सगळी कामं बाजूला ठेवून त्याच्यावर दिवसच्या दिवस चर्चा केली. मृत्युदंडाचा ठराव 96 विरुद्ध 82 मतांनी पडला. त्याऐवजी फटके, खोडा, तापल्या सळईने जीभ भोसकणं आणि कपाळावर ईश्वरनिंदेचं अक्षर डागणं. वर म्हटलेला अपवाद तो हा. इथे जमीन नव्हती, कोठार नव्हतं, फक्त एक घोडा होता. नेलरच्या मागे जे हजारो लोक दशमांश नाकारत उभे होते त्यांची भीती संसदेला होती, असं म्हणून मी माझं मत सावरू शकतो, आणि त्या भाषणांत ती भीती आहेही. पण तेवढ्याने सगळा उलगडा होत नाही. ती भाषणं वाचताना त्या सभागृहातले कित्येक जण खरोखरच देवाच्या कोपाला घाबरले होते असंच वाटतं.

1660 मध्ये दुसरा चार्ल्स परतला. जानेवारी 1661 मध्ये टॉमस व्हेनर या पिंपं बनवणाऱ्या कारागिराने येशूच्या राज्यासाठी लंडनमध्ये शस्त्र उपसलं. बायबलातल्या दानीएलाच्या भविष्यातलं पाचवं राज्य जवळ आलं असं मानणाऱ्या पंथातला हा माणूस, अनुयायी पन्नासेक. चार दिवसांत ते चिरडले गेले, आणि त्या निमित्ताने चार हजारांवर क्वेकरांना पकडण्यात आलं. त्याच महिन्यात क्वेकरांनी जाहीर केलं, की आम्ही कुठल्याही राज्यासाठी शस्त्र धरणार नाही. त्यांच्या जगप्रसिद्ध शांततावादाचा पाया त्या तुरुंगभरतीत आहे. श्रद्धा आणि धोरण इथे वेगळी करता येत नाहीत, आणि करूही नयेत. याच राजाला पोर्तुगीज राजकन्येबरोबरच्या विवाहकरारात मुंबई मिळाली आणि 1668 मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली. आपल्याकडच्या इंग्रजी राज्याची सुरुवात आणि या पंथांच्या बहराचा शेवट एकाच दरबारातला आहे.

इतिहासकार क्रिस्टोफर हिल यांचं या पंथांवरचं 1972 चं पुस्तक आलं नसतं तर हा विषय अभ्यासकांच्या बाहेर गेला नसता. हिल यांचं ऋण मोठं आहे. मात्र पंथापंथांतल्या भिंती ते वाजवीपेक्षा पातळ दाखवतात, असं मला वाटतं, आणि म्हणून पुढच्या प्रकरणांत मी प्रत्येक गटाला त्याच्या गावात, त्याच्या भांडणांत ठेवून पाहिलं आहे. आपल्याकडच्या संतांशी तुलना जाणूनबुजून टाळली. तुकोबांचं वैकुंठगमन आणि सेंट जॉर्जेस हिलवरची खणणी यांची वर्षं जवळ येतात हे खरं, पण तेवढ्यावर काही उभं राहत नाही.

एक धागा मात्र खरोखर पुण्यापर्यंत येतो. टॉमस पेनचे वडील क्वेकर होते. राजघराण्यांचा उगम विल्यमच्या लुटारू टोळीत आहे, ही लेव्हलर-डिगरांची मांडणी पेनने शंभरावर वर्षांनी पुन्हा वापरली, आणि त्याचं ‘राइट्स ऑफ मॅन’ तरुण जोतीराव फुल्यांनी वाचलं. 1873 च्या ‘गुलामगिरी’त बाहेरून आलेल्यांनी जिंकून घेतलेली भूमी, धर्मग्रंथांच्या रूपाने त्या जिंकण्याची केलेली नोंद आणि जिंकलेल्यांचं विसरवलेलं राज्य हे सगळं आहे. हा सांगाडा जोतीरावांनी पेनकडून घेतला असं माझं म्हणणं नाही. बळीच्या कथेत तो त्यांच्या हाताशीच होता. शिवाय दोन्हींत एक मोठा फरक आहे. विन्स्टनलीच्या काळापर्यंत जिंकणारे नॉर्मन आणि जिंकले गेलेले सॅक्सन सहाशे वर्षं एकमेकांत मिसळून गेले होते. कोण कुणाचा वारस हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि त्यामुळे त्याच्या युक्तिवादाला पाहिजे तर रूपक म्हणून बाजूला सारता येत होतं. जोतीरावांपुढे जिंकणाऱ्याचा वंश आणि जिंकलेल्याचा वंश रोज पाणवठ्यावर वेगवेगळे उभे होते.